वाचकांचे प्रश्न : ढाळजेची भिंत, आंदणाची भांडी आणि फुलांचा कागद

प्रश्न : ताई, नमस्कार. आमचं गाव आर्वी तालुक्यात आहे. आजेसासऱ्यांच्या वडिलांनी बांधलेला पांढऱ्या मातीचा, सागवानी खांबांचा वाडा. भाऊबंदात वाटे झाले तेव्हा समोरची ढाळज, म्हणजे प्रवेशदारालगतची ओसरी, आणि तिला लागून असलेला दिवाणखाना आमच्याकडे आला. माळ्यावर खूप जुन्या वस्तू निघाल्या. पितळी कड्यांची बंगई (झोपाळा), पाण्याचे तांब्याचे गुंड, कोपर (मोठ्या पराती), गडवे, धान्य मोजायची लाकडी पायली आणि अधोली, नक्षीचं पानदान, चावीचं भिंतीवरचं घड्याळ, सरस्वतीची जुनी छापील तसबीर. मामेसासरे पुलगाव-आर्वी गाडीवर नोकरीला होते, त्यांचा रेल्वेचा कंदीलही आहे.

माझी भाची लंडनला शिकते. तिने तिथल्या 'रेड हाउस' नावाच्या ऐतिहासिक घराचे फोटो पाठवले. भिंतीवर फुलापानांचे कागद आणि पुढे जुनं सामान. ते पाहिल्यापासून मनात आहे की आपलीही ढाळज अशीच लावावी. नागपूरच्या एका दुकानदाराने प्लास्टिकचा फुलांचा वॉलपेपर दाखवला. "थेट भिंतीला चिकटवून देतो, दोन दिवसांचं काम," म्हणतो. दिवाळीला सगळं खटलं गोळा होतं, त्याआधी व्हावं. वीस-पंचवीस हजार खर्च करायची तयारी आहे. जाऊबाई म्हणतात, हे सगळं भंगारात घाला. सुरुवात कुठून करू?

— एक वाचक, आर्वी तालुका, जि. वर्धा

उत्तर : ताई, सुरुवात त्या दुकानदाराला फोन करून करा आणि त्याला थांबवा. तुमच्या मनातली कल्पना सुंदर आहे आणि ती पुरी व्हावी असं मला मनापासून वाटतं. पण पांढऱ्या मातीच्या भिंतीवर प्लास्टिकचा कागद चिकटवणं म्हणजे ती भिंत आतून सडवणं. पावसाळ्यात ही भिंत जमिनीतली ओल वर ओढते आणि उघडीप पडली की बाहेर सोडते. पोतारा म्हणजे पातळ मातीचा हात, चुना, गेरू यांतून ओल निघून जाते, प्लास्टिकमधून निघत नाही. ती कागदामागे अडकते, लोणा म्हणजे भिंतीतला क्षार फुटतो, बुरशी धरते आणि तिसऱ्या-चौथ्या पावसाळ्यात कागद सुटतो तेव्हा मातीचा थर सोबत घेऊन येतो. शिवाय उधईला (वाळवीला) अंधार आणि ओल लागते, ती तुम्ही तिला आयती कराल. मातीची भिंत शंभर वर्षं उभी राहिली ती दरसाल कुणीतरी पोतारली म्हणून, हे विसरू नका.

आता रेड हाउसबद्दल. भाचीने फार चांगलं घर निवडलं. लंडनच्या आग्नेयेला बेक्सलीहीथ इथे १८५९-६० मध्ये ते बांधलं. विल्यम मॉरिस या तरुणाने आपल्या संसारासाठी बांधून घेतलं आणि त्याचा मित्र फिलिप वेब याने आराखडा केला. लाल विटांचं म्हणून रेड हाउस. मॉरिस तिथे १८६५ पर्यंतच राहिला. पुढे तो भिंतीच्या कागदांसाठी जगभर ओळखला गेला. पण राहायला आला तेव्हा बाजारात मिळणाऱ्या कागदावर त्याने समाधान मानलं नाही. त्याने आणि त्याच्या मित्रमंडळींनी भिंती स्वतः रंगवल्या आणि कापडं स्वतः भरली. छतावरची नक्षी तर बघण्यासारखी आहे. तिचे बिंदू गिलाव्यात टोचून ठेवले, म्हणजे रंग फिका पडला तरी त्याच बिंदूंवरून पुन्हा रंगवता यावा. आपल्या बायका ठिपक्यांच्या रांगोळीत हेच करतात. ठिपके ठरले की नक्षी कुणाच्याही हातून उतरते.

त्याचा पहिला आखलेला कागद १८६२ चा. 'ट्रेलिस' म्हणजे वेल चढवायची लाकडी जाळी. रेड हाउसच्या बागेत गुलाब अशा जाळ्यांवर चढवले होते, तेच त्याने कागदावर आणलं. त्यातले पक्षी मात्र वेबने काढले. भाचीने पाठवलेल्या फोटोतून घ्यायचं ते हे, ताई. मॉरिसने दाराबाहेर जे उगवत होतं ते भिंतीवर आणलं. तुम्ही लंडनच्या बागेतला गुलाब आर्वीच्या ढाळजेत लावलात तर फोटो छान येईल, पण घर तुमचं वाटणार नाही. तुमच्या दाराबाहेर काय उगवतं? पऱ्हाटी, म्हणजे कपाशी. संत्रा. बांधावरचा पळस.

पऱ्हाटीच्या फुलाकडे कधी निवांत बसून पाहिलंय? पहिल्या दिवशी फिकट पिवळं, दुसऱ्या दिवशी गुलाबी. एकाच झाडावर पातं म्हणजे कळी, पिवळं फूल, गुलाबी फूल, हिरवं बोंड आणि फुटलेलं पांढरं बोंड, सगळं एकाच वेळी दिसतं. नक्षीला याहून जास्त काय हवं? वर्धा जिल्ह्यातल्या शाळांत मी चित्रकला शिकवली. मुलांना "फूल काढा" म्हटलं की ती कमळ किंवा गुलाब काढत, ज्या शेतातून चालत शाळेत आली त्या शेतातलं फूल कुणी काढत नसे. ते बदलायला मला फार आवडायचं. तुमच्या ढाळजेत पऱ्हाटीचं फूल दिसलं तर मी मुद्दाम पाहायला येईन.

पण नक्षीच्याही आधी एक काम आहे. भिंत तपासा. रेड हाउसमध्येच मॉरिसच्या झोपायच्या खोलीत भिंतीतल्या मोठ्या कपाटामागे आणि नंतर चढलेल्या थरांखाली एक अख्खं भित्तिचित्र दडलेलं होतं. ते उजेडात आल्याचं २०१३ मध्ये जाहीर झालं, तोवर घर बांधून दीडशे वर्षं उलटली होती. आपल्याकडेही नागपूरकर भोसल्यांच्या काळात वाड्यांच्या भिंती चित्रांनी रंगवायची रीत होती. तुमचा वाडा त्यानंतरचा असावा, पण दिवाणखान्याच्या कोनाड्याभोवती, दाराच्या चौकटीच्या वर वेलबुट्टी असू शकते. दिवसाच्या तिरप्या उजेडात भिंत बघा. कुठे रंगाची छटा दिसली तर तळहाताएवढ्याच जागी मऊ कोरड्या ब्रशने पोताऱ्याचा सुटा थर झटका. पाणी नको, पत्रा-खरवडणी नको. खाली रंग दिसला की हात थांबवा, फोटो काढा आणि राज्य पुरातत्त्व विभागाच्या नागपूर कार्यालयाला कळवा. असं काही निघालं तर कागद-बिगद सगळं बाजूला. तीच तुमची सजावट.

काही निघालं नाही तर कागद लावू या, पण भिंतीला नाही, चौकटीवर. युरोपातल्या जुन्या घरांतही ही पद्धत होती. लाकडी पट्ट्यांवर कापड ताणायचं आणि कागद त्या कापडावर चिकटवायचा. गावच्या सुताराकडून सागाच्या किंवा कडुनिंबाच्या सुक्या पट्ट्यांच्या चौकटी करून घ्या, तीन फूट रुंद, साडेचार फूट उंच, मधे एक आडवी पट्टी. त्यावर मांजरपाट ताणून मागून खिळे मारा. चौकटीच्या मागे चारी कोपऱ्यांना इंचभर जाडीचे लाकडी गुटके ठोका, म्हणजे भिंत आणि कापड यांच्यामध्ये हवा खेळेल. मातीच्या भिंतीत खिळा ठोकू नका, तो टिकत नाही आणि ढेकळं काढतो. दोन खांबांच्या मधे वर एक आडवी पट्टी बांधा आणि तिला दोरीने चौकटी टांगा. जमिनीपासून तीन फुटांपर्यंत काहीच नको. तो भाग गेरूने पोतारा, तिथे पाठ टेकते, पाणी उडतं, लेकरं हात पुसतात. पश्चिमेची भिंत पावसाचा मार खाते, तिच्यावर एकही चौकट लावू नका.

कागद हातबनावटीचा घ्या, सुती चिंध्यांपासून केलेला. तुम्ही तर वर्ध्याच्या आहात. १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने मगनवाडीत ज्या उद्योगांना हात घातला त्यात हातकागदही होता. मगन संग्रहालय गांधीजींच्या हस्ते १९३८ च्या डिसेंबरात उघडलं, ते या निमित्ताने घरच्यांना घेऊन एकदा पाहून या. हातकागदाचा ताव साधारण २२ × ३० इंचाचा येतो. ताव उभे धरून रुंदीत दोन आणि उंचीत दोन असे चार ताव अर्धा इंच एकमेकांवर चढवून जोडले की तुमची एक चौकट झाकली जाते आणि कडेने मागे दुमडायलाही उरतं. जोड दिसेल, दिसू द्या. कागदाची सलग गुंडाळी यंत्रावर निघू लागली त्याआधी युरोपातही भिंतीचा कागद सुटे ताव जोडूनच करत.

चिकटवायला गव्हाच्या पिठाची पातळ खळ. पुस्तकं बांधणारे खळीत चिमूटभर मोरचूद टाकतात, म्हणजे कसर आणि झुरळं लागत नाहीत. मोरचूद विषारी आहे, हातमोजे घाला आणि ते भांडं पुन्हा स्वयंपाकात आणू नका. ही खळ नव्या कागदालाच. जुनी तसबीर, जुनी कागदपत्रं यांना ती चुकूनही लावायची नाही.

नक्षी उतरवायला जुन्या एक्स-रे फिल्मचा छाप कापा. दवाखान्यातल्या फायलींत त्या पडून असतात. एका फिल्ममधून पातं, दुसरीतून फूल, तिसरीतून बोंड. प्रत्येक रंगाला वेगळा छाप, जसा मॉरिसच्या कागदांना प्रत्येक रंगाचा वेगळा लाकडी ठसा असे. रंगांसाठी गेरू, पिवडी (पिवळी माती), नीळ आणि दिव्याची काजळी एवढं पुरे. धावड्याचा डिंक रात्रभर भिजवून गाळून घ्या आणि रंग त्यात खला. डिंक कमी पडला तर रंग हाताला लागतो, जास्त झाला तर तडकतो, म्हणून एका तावाच्या तुकड्यावर आधी करून दोन दिवस वाळू द्या. चौकटीच्या वर-खाली काठ हवाच. त्यासाठी घरात कुणाची करवतकाठी असेल तर ती काढा. आपल्या भंडाऱ्याकडच्या टसरीची ती दातेरी किनार कागदावर गेरूने उतरली की सगळी नक्षी बांधली जाते. गावातल्या शाळेतल्या दहावीच्या मुली हे काम तुमच्या दुकानदारापेक्षा चांगलं करतील, त्यांना त्याचे पैसे मात्र द्या.

आणि एक भिंत कागदाशिवाय ठेवायची असेल तर सेवाग्रामला बापूकुटी पाहा. गांधीजी १९३६ मध्ये सेगावात राहायला आले, त्याच गावाचं पुढे सेवाग्राम झालं. कुटीच्या भिंतीवर गांधीजींच्या शिष्या मीराबेननी मातीतच उठावाची झाडं आणि चरखा काढला आहे. ना रंग, ना कागद. सकाळच्या उजेडात त्या उठावाची सावली पडते तेव्हा भिंत जागी होते. तुमच्या ढाळजेच्या एका खांबाशेजारी शेण-मातीचा असा एक उठाव करून बघा.

आता वस्तू. इथे माझं म्हणणं थोडं कडक आहे. सगळं मांडू नका. माळ्यावरचं सगळं खाली आणून ओळीने ठेवलं की ढाळज भांड्यांच्या दुकानासारखी होते. मांडताना एकच नियम धरा. नक्षीच्या चौकटीसमोर साधी वस्तू, साध्या भिंतीसमोर नक्षीची वस्तू. म्हणजे पऱ्हाटीच्या कागदापुढे तांब्याचे गुंड, उतरंडीला नव्हे, सुटे, दोनच. पानदानावर आधीच वेलबुट्टी आहे, ते पोतारलेल्या कोनाड्यात एकटं ठेवा. सरस्वतीची तसबीर तर कागदावर मुळीच नको, तिच्यातले रंग आणि कागदावरचे रंग एकमेकांना खातील. रेल्वेचा कंदील खांबाच्या खुंटीला. त्याची काच काळी झाली असेल तर तशीच राहू द्या, ती मामेसासऱ्यांच्या रात्रपाळ्यांची काजळी आहे.

पायली आणि अधोली दाराजवळच्या पाटावर ठेवा, जवळ सुपात थोडी ज्वारी. लेकरांना मापून बघू द्या. अधोली दोनदा ओतली की पायली भरते, हे हाताने केल्याशिवाय कळत नाही. १९५६ च्या वजनमापांच्या कायद्यानंतर किलो-लिटर आले आणि पायली बाजारातून गेली. पण खळ्यावर बलुतेदाराला, मजुराला धान्य मोजून दिलं जायचं ते याच मापाने. पायली काठोकाठ भरायची की शीग लावून भरायची, यावर वाद व्हायचे. तुमच्या सासऱ्यांना विचारा, त्यांच्याकडे यावर नक्की काहीतरी सांगण्यासारखं असेल. ते लिहून घ्या आणि पायलीशेजारी लावा.

प्रत्येक वस्तूशेजारी चार ओळींची चिठ्ठी हवी. वस्तू कुणाची, कुठून आली, कशाला वापरायचे. आणि इथे मी तुम्हाला एक काम सांगते, ते वस्तू मांडायच्या आधी करा. गुंड, कोपर, गडवे यांच्या काठाखाली, बुडाशी बोट फिरवा. नाव कोरलेलं लागेल. कधी देणाऱ्याचं, कधी मुलीचं, सोबत गाव आणि साल. साल शके असेल तर ७८ मिळवा, म्हणजे इसवी सन येतं. ही भांडी बहुतेक आंदणाची. घरात आलेल्या एकेका सुनेसोबत तिच्या माहेराहून आलेली. वाड्याच्या कागदपत्रांवर, सातबाऱ्यावर त्या बायकांची नावं तुम्हाला सापडणार नाहीत. ती गुंडांवर आहेत. म्हणून सांगते, ती भांडी चिंचेने, राखेने, बाजारच्या पावडरीने खसाखसा घासू नका. दरवेळी घासताना थोडा धातू जातो आणि त्यासोबत अक्षर जातं. मांडायच्या भांड्याला कोरडं मऊ फडकं पुरे. हिरवा कळंक आला असेल तेवढ्याच जागी मऊ ब्रश. ज्या भांड्यात अजून खायचं-प्यायचं आहे ते वेगळं काढा, त्याला कल्हई करा आणि बिनधास्त वापरा.

जाऊबाईंचा प्रश्न इथेच सुटेल असं मला वाटतं. त्यांच्या आंदणातलं एखादं भांडं त्या ढिगात असणारच. ते शोधून त्यांच्या हातात द्या आणि चिठ्ठी त्यांनाच लिहायला सांगा. ज्या बाईला आपल्या आईने दिलेल्या गडव्याची गोष्ट कुणी कधी विचारली नाही, तिला तो भंगार वाटला तर तिचं काय चुकलं?

उजेडाचं आणि कूलरचं राहिलं. कापड आणि कागद यांच्यासाठी संग्रहालयांत उजेड साधारण ५० लक्सच्या आसपास ठेवतात, म्हणजे बराच मंद. तुमच्या ढाळजेत एप्रिल-मेचं ऊन थेट आत येत असेल. खसाची ताटी किंवा जाड खादीचा पडदा लावा. दिवे पिवळसर एलईडीचे, चौकटीपासून हातभर दूर. कूलरचं तोंड चौकटीकडे, तसबिरीकडे किंवा घड्याळाकडे अजिबात नको. आपल्याकडे उन्हाळ्यात लाकूड वाळून तडकतं आणि कूलरसमोर तेच लाकूड ओलं होऊन फुगतं. हे रोज होत राहिलं की सांधे सुटतात.

घड्याळ अगदी सरळ टांगा, वाकडं असलं तर लंबक थांबतो. खोबरेल घालू नका, ते थिजून धूळ धरतं. तसबिरीचं काचेआडचं कागदी समास कापू नका. खालच्या कडेला छापखान्याचं नाव असेल तर ती फार मोलाची ओळ आहे. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि त्याच्या तसबिरी विदर्भातल्या खेड्यापाड्यांत देवघरापर्यंत पोचल्या. त्यावर कुणी जरीचा तुकडा, टिकल्या चिकटवल्या असतील तर काढू नका, घरच्या बाईने केलेलं ते काम आहे.

आणि बंगई. तिला मांडणीतली वस्तू करू नका. तुळईचे आकडे लोहाराकडून तपासून घ्या, कड्या पुसा आणि बसा.

पैशांचं म्हणाल तर सुतार, मांजरपाट, कागद, दिवे हे सगळं तुमच्या रकमेत बसेल. दिवाळीपर्यंत सगळ्या चौकटी झाल्या नाहीत तर दोनच लावा. पाऊस पुरता उघडून भिंत कोरडी झाल्याशिवाय मात्र एकही टांगू नका.

प्रश्न : ताई, माझा परतवाडा रोडवर ढाबा आहे. एका भिंतीवर जुन्या वस्तू लावून 'गावाकडचा वाडा' असा देखावा करायचा आहे. भंगारवाल्याकडून, आठवडी बाजारातून वस्तू घेतो आहे. मागे विटांच्या चित्राचा वॉलपेपर लावू की वारली चित्रांचा? आणि माल जुना आहे की जुना केलेला, हे कसं ओळखायचं?

— एक वाचक, जि. अमरावती

उत्तर : भाऊ, दोन्ही नको. वारली चित्रं पालघर-ठाण्याकडची, त्यांचा मान त्यांच्या जागी. तुम्ही मेळघाटाच्या पायथ्याशी बसला आहात. आणि विटांचं चित्र कशाला, ढाब्याची भिंत विटांचीच असेल ना? गिलावा नसलेली थोडी जागा सोडा, बाकीला चुन्यात पिवडी घालून दोन हात द्या. स्वयंपाकाचा धूर आणि तेलकट वाफ जिथे पोचते तिथे कुठलाही कागद वर्षभर टिकत नाही.

माल ओळखायचं म्हणाल तर झीज बघा. गडव्याची झीज गळ्याशी असते, जिथे बोटं धरतात. कोपराची बुडाशी, दाराच्या कडीची एकाच बाजूला. जो माल सगळीकडे सारखाच काळा आहे तो रसायनात बुडवलेला. जुन्या ठोकीव भांड्याच्या अंगावर हातोडीच्या खुणा बोटाला लागतात आणि पत्र्याच्या जोडावर दातेरी सांधा दिसतो. ओतीव नव्या मालावर साच्याची सरळ रेघ असते. लाकडाच्या पेटीला फुलीच्या खाचेचा स्क्रू असेल तर निदान ती दुरुस्ती तरी अलीकडची आहे. जुन्या दाराच्या फळ्या जोडून केलेली 'जुनी' पेटीही बाजारात पुष्कळ मिळते. ती वाईट नाही, टेबल म्हणून घ्या, पण जुन्या पेटीचे पैसे देऊ नका.

घेताना विचारा, कुठल्या गावाहून आली. विकणारा सांगत असेल तर वहीत लिहा आणि पावती घ्या. देवघरातले टाक, मूर्ती, देवळाची घंटा असं काही कुणी आणलं तर घेऊ नका, कितीही स्वस्त असो. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना १९७२ चा पुरावशेष कायदा लागू होतो, त्यातल्या दगडी, धातूच्या जुन्या मूर्तींची नोंदणी करावी लागते आणि अशा वस्तू देशाबाहेर नेता येत नाहीत. कुणाच्या तरी गावचा देव तुमच्या ढाब्याच्या भिंतीवर नको, भाऊ. त्याऐवजी खासराचं (बैलगाडीचं) चाक, जू, पेरणीची तिफण, तिच्या चाड्याचे नळे, बैलांच्या घुंगरमाळा लावा. तुमच्याकडे जेवायला थांबणाऱ्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांनी तिफण हाताळून बघावी एवढ्या उंचीवर ती ठेवा.

प्रश्न : आमचं घर मालगुजाराचं, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या जुन्या जमीनदाराचं. बैठकीत सांबराची शिंगं आणि एक वाघाचं कातडं आहे, पणजोबांच्या वेळचं. मुलगा बैठक नव्याने सजवतो आहे, ती मधोमध लावू म्हणतो. शिवाय शेतात विहीर खोदताना एक कोरीव दगड निघाला, तोही दाराशी बसवायचा आहे. चालेल का?

— एक वाचक, साकोली तालुका, जि. भंडारा

उत्तर : काका, शिंगं आणि कातडं यांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ लागू आहे. ती पणजोबांची असली तरी घरात ठेवायला मालकीचं प्रमाणपत्र लागतं. वडिलांनी किंवा आजोबांनी ते घेतलं असेल तर जुन्या कागदांत शोधा. सापडलं नाही तर बैठक सजवण्याआधी वन विभागाच्या कार्यालयात जाऊन स्वतःहून सांगा. ती विकणं किंवा कुणाला भेट देणं मनातही आणू नका. प्रमाणपत्र असलं तरी माझं मत विचाराल तर ती मधोमध लावू नका. मालगुजारी १९५० च्या कायद्याने संपली, पण तुमच्या पूर्वजांपैकी कुणी तलाव बांधला असेल, पाणी वाटपाच्या वह्या राखल्या असतील. भंडाऱ्याचे मालगुजारी तलाव आजही धान भिजवतात. तलावाचा जुना नकाशा, वह्यांचं एखादं पान, पाटाच्या पाण्याचं काही साधन असेल तर मधोमध तो मान त्याला द्या. मूळ कागद टांगू नका, त्याची छायाप्रत चौकटीत लावा आणि मूळ कापडात गुंडाळून कोरड्या पेटीत ठेवा.

दगडाचं मात्र लगेच करा. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली की जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, असं १८७८ चा निखात निधी कायदा सांगतो. तो अजून लागू आहे. दगड धुऊ नका, शेंदूर लावू नका, सिमेंटमध्ये बसवू नका. निघाला त्या जागी खुंटी ठोकून ठेवा, किती खोल होता ते लिहा, चारही बाजूंनी फोटो काढा. वर्ध्याजवळ पवनारला विनोबांच्या आश्रमात खोदताना मूर्ती निघाल्या, भरत-राम भेटीचं शिल्प त्यातलंच, आणि त्या आजही तिथेच पाहायला मिळतात. तुमचा दगड कुठे राहील हे अधिकारी ठरवतील, पण तो गावातच राहावा असा अर्ज ग्रामपंचायतीचा ठराव जोडून तुम्ही करू शकता. तो दगडाच्या नोंदीसोबतच द्या, नंतर नको.